बायास्नी बारी

स्टेडियमच्या कमिटीतला एक तरुण परवा माझ्याकडे आला. पोरगा चांगला आहे, वाकून नमस्कार केला, बशीत ओतून चहा प्यायला. म्हणाला, "आजी, नव्या गॅलरीचं उद्घाटन आहे. गावात आता तुमच्याएवढं जुनं माणूस कोणी उरलं नाही, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं." बसेन की, मला काय, गुडघे दुखतात तेवढंच. मग म्हणाला, मैदानाचा इतिहास तोच सांगणार आहे. मी म्हटलं, सांग बघू काय सांगणार ते. घसा साफ करून म्हणाला, "ज्या जागी आज हे भव्य स्टेडियम उभं आहे, तिथे पूर्वी काहीच नव्हतं, नुसती पडीक जमीन होती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडीक म्हणे. त्या जागेइतकी राबलेली जमीन साऱ्या पंचक्रोशीत नव्हती, आणि तिच्यावर राबलेल्या बाया काय मेल्या म्हणून त्यांची जागा पडीक झाली का? पोराला काही बोलले नाही. त्याच्या आजीलाच ठाऊक नसेल तर त्याला कुठून असणार. पण तो गेल्यावर कागद ओढला आणि लिहायला बसले. माझ्या लहानपणाबद्दल आणखी काही लिहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र लिहिलंच पाहिजे.

त्या जागेला आम्ही गोठण म्हणायचो. गोमाई नदीच्या काठावर, गावाच्या उगवतीला, सपाट, टणक, पांढरट मातीची जागा. मधोमध एक निंबाचं झाड. आमचं घर गावातलं शेवटचं, मागचं दार उघडलं की समोर गोठणच. मला जाग यायची ती गुरांच्या खुरांच्या आवाजाने. सकाळी साऱ्या गावाची गुरं तिथे गोळा व्हायची, मग गुराखी त्यांना हाकत रानात न्यायचा. गुरं गेली की आम्ही पोरी टोपल्या घेऊन शेणावर तुटून पडायचो. सुगीत तिथेच खळी पडायची, ज्वारीची कणसं बैलांच्या पायांखाली तुडवली जायची, आणि वारा सुटला की आमच्या भाकरीतही भुसा यायचा. माय आमच्या अहिराणीत म्हणायची, "खाय, गोठननं मीठ शे ते." कपाशी वेचायला मोलगीकडची, सातपुड्यातली माणसं पोराबाळांसकट उतरायची, ती गोठणावरच मुक्काम टाकायची. तीन दगडांच्या चुली, पालव्याची खोपटी, आणि संध्याकाळी त्यांचा ढोल. त्यांची बोली आम्हाला कळायची नाही, आमची त्यांना अर्धी कळायची, पण त्यांच्यातली एक बाई मला मोहाची वाळलेली फुलं द्यायची आणि मी तिला घरून ताक नेऊन द्यायचे. नागपंचमीला पुरुषांच्या कुस्त्या तिथेच, लग्नाचे मांडव तिथेच, आट्यापाट्या तिथेच. आता ज्याला बहुउद्देशीय म्हणतात आणि त्यासाठी सरकारकडे हात पसरतात, ते सगळं त्या गोठणावर कुणाची परवानगी न घेता चालायचं.

आणि आखाजीला गोठण बायांचं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि ज्याने खानदेशात ती पाहिली नाही त्याला ती दिवाळीचं उदाहरण देऊनही समजायची नाही. सासरी गेलेली प्रत्येक लेक, आमच्या बोलीत आंडेर, आखाजीला माहेरी यायचीच. वर्षभर न पाठवणारी सासूसुद्धा आखाजीला पाठवायची, नाही पाठवली तर तिच्या नावाने गाव थुंकायचं. घराघरात अंगणात चूल मांडून, उपडं खापर तापवून त्यावर पुरणपोळी टाकली जायची. दोन्ही हातांवर फिरवून फिरवून एवढी मोठी करायची की मायच्या कोपरापर्यंत लोंबायची. सांजोऱ्या तळल्याचा वास, आंब्याच्या रसाची पातेली, आणि पितरांसाठी भरलेल्या घागरीवर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज. जेवणं उरकली की निंबाच्या फांदीला झोके. आणि उन्हं कलली की गौराईच्या टोपल्या घेऊन साऱ्या बाया नदीकडच्या काठावर, आणि नदीच्या कोरड्या वाळूपलीकडे पल्याडच्या गावच्या बाया. मग सुरू व्हायच्या गाळ्या, म्हणजे शिव्या. गाण्यात गुंफलेल्या, चालीवर, टाळ्या पिटत. पल्याडच्यांनी आमच्या गावच्या पुरुषांचा उद्धार करायचा, आम्ही त्यांच्या. त्या दिवशी बाईच्या तोंडाला झाकण नाही. पाटील असो की तेली, नाव घेऊन गायचं, आणि पुरुषाने ऐकून हसायचं, राग धरायचा नाही, ही रीत.

पण गाळ्या हा वरचा रस होता. खरं काम खाली चालायचं, आणि ते मला फार उशिरा उमगलं. गाळ्या संपत आल्या की माहेरी आलेल्या लेकींची बारी यायची. बारी म्हणजे पाळी. एकेक लेक पुढे व्हायची आणि सासरचं गायची. सुखाचं असलं तर सुखाचं, नाहीतर जे असेल ते. घरी एक अक्षर न बोलणारी पोर तिथे गाण्यातून सारं सांगून टाकायची. गाण्यांची म्होरकी होती जानकीबोय, आमच्या गल्लीतली म्हातारी विधवा, आवाज असा की नांगरट थांबावी. ती म्हणायची, "घरमा सांगं ते भांडन, गोठनवर सांगं ते गानं." गाण्याचा जाब कोणी विचारत नसे, पण गाणं साऱ्या गावच्या बायांनी ऐकलेलं असे. एका कुंभाराच्या पोरीने नवरा उपाशी ठेवतो असं गायलं, तर दुसऱ्याच दिवशी जानकीबोय चार बाया घेऊन तिच्या सासरच्या ओट्यावर जाऊन बसली आणि पोरीला पोटभर वाढल्याशिवाय हलली नाही. कोर्टकचेरी पुरुषांची होती. आमचं कोर्ट म्हणजे हे.

माझी मोठी बहीण, आक्का, तापीपलीकडे दिली होती. मोठं घर, मोठी शेती, वडिलांनी म्हणजे आबांनी बघून दिलेलं. आबा गावचे पाटील. आमच्या आबांना दोन गोष्टी फार प्रिय, डोक्यावरचं पागोटं आणि लोकांनी पुढे केलेली खुर्ची. मायला मी त्यांच्याशी मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नाही. ती बोलायची भांड्यांशी. राग आला की पितळी आदळायची, फार आला की गप्प बसायची. आक्का लग्नाच्या पहिल्या आखाजीला आली ती गुलाबासारखी, झोक्यावर उभी राहून एवढी उंच गेली की मी खाली डोळे मिटून घेतले. दुसऱ्या आखाजीला आली तेव्हा झोक्यावर बसली नाही. काठावर तिची बारी आली तर पुढे झाली, तोंड उघडलं आणि मागे वळली. जानकीबोयने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "यंदा नही ते पुढला साल, आंडेर. गोठन कोठे जास?" गोठण कुठे जातं! अजून ते वाक्य आठवलं की मला त्या म्हातारीचा राग येतो आणि मग माझाच राग येतो.

कारण त्याच पावसाळ्यानंतर तालुक्याहून वकीलसाहेब आले. आबांचे मित्र, धुतलेलं उपरणं, पुण्याकडची भाषा, नाकाने कांदे सोलणारे. त्यांनी गोठणावर सभा भरवली. म्हणाले, जिल्ह्यात कुठे नाही असं क्रीडांगण या गावी व्हावं. चारी बाजूंनी दगडी भिंत, आतून बसायला पायऱ्या, कुस्तीचा हौद, पोलिसांच्या कवायती, गुरांचं प्रदर्शन, मोठे साहेब येतील, गावाचं नाव होईल. लोक बघत बसले. मग वकिलांनी एक नवीन गोष्ट शिकवली. "हात वर करणं, ओरडणं, हे मागासलेपण झालं," ते म्हणाले. "ज्यांना मंजूर आहे त्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या म्हणजे मंजूर. टाळ्या वाजल्या की ठराव पास, मग मागे फिरणं नाही." आबांनी पहिली टाळी वाजवली, मागून साऱ्यांनी. लोकांना त्याची अशी मौज वाटली की त्यांनी परत एकदा वाजवल्या. बाया मागे निंबाखाली बसल्या होत्या, त्यातल्या एकीने हात उचलले तर कोतवाल म्हणाला, "बायास्नं काम नही ते." पुढे कितीतरी दिवस गावात तोच खेळ चालला. कोणी बैल विकला तर टाळ्या, सोयरीक जमली तर टाळ्या. टाळी वाजली की शब्द पक्का.

टाळ्या पुरुषांच्या, पण भिंत काही टाळ्यांनी उभी राहत नाही. दगड नदीतून आणायचे, माती कालवायची, पाणी वाहायचं. ते कोण करणार? आबा एका सकाळी आमच्या विहिरीवर आले, जिथे गल्लीतल्या साऱ्या बाया पाणी भरायच्या. पुरुष सहसा तिकडे फिरकत नसत. आबा म्हणाले, गावाचं काम आहे, घरटी एक बाई आली पाहिजे. बाया घागरी कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. मग जानकीबोय बोलली.

"आखाजीले गोठन आम्हनं ऱ्हाई का, पाटील? भिंत बांधीसन आम्हले बाहेर काढशात ते एक दगड उचलाव नही."

"ऱ्हाई, ऱ्हाई," आबा म्हणाले. "बायास्नी बारी ठेवसूत. मन्हा शबद शे."

"शबद शे?"

"पागोटानी आन."

झालं. पागोट्याची आण आबांसाठी केवढी मोठी, हे साऱ्यांना ठाऊक. बायांनी पदर खोचले. त्या वर्षी आमच्या घरात वेळेवर स्वयंपाक झाला नाही. माय पहाटे दळायची, भाकऱ्या बडवायची आणि नदीत उतरायची. गोमाईतले गोल गुळगुळीत धोंडे डोक्यावर चुंबळ ठेवून वर आणायचे, एक ठेवला की दुसरा. मीसुद्धा माझ्या बेताचे दगड आणले. कळण्याची भाकर आणि ठेचा दगडांच्या ढिगावर बसून खायचो. बाया गात गात वाहायच्या, कारण त्यांना वाटत होतं आपल्याच अंगणाची भिंत बांधतोय. हिवाळ्यात डोंगरातली माणसं वेचणीला उतरली तेव्हा गोठणावर पाया खणलेला होता. त्यांना नाल्यात खोपटी टाकायला सांगितलं. त्या मोहफुलांच्या बाईने मला लांबून हात केला आणि पोराला पाठीशी बांधून नाल्याकडे गेली. त्यांना तर कोणी बारीचं खोटं आश्वासनसुद्धा दिलं नाही. तेवढीही त्यांची गरज कोणाला वाटली नाही.

भिंत झाली. आणि खोटं कशाला बोलू, देखणी झाली. रस्त्याच्या बाजूला मोठा दरवाजा, त्याला सागाची फळी, आतून तीन बाजूंना पायऱ्या. निंब मात्र नव्हता. पायऱ्यांवरून कुस्ती दिसत नाही म्हणून कापला, आणि त्याच्या फांद्या आमच्याच चुलीत जळाल्या, कारण पाटलांच्या घरी पहिला वाटा. माय त्या लाकडांवर पोळी भाजेना. बाहेरून गोवऱ्या आणायची.

क्रीडांगणाचं उद्घाटन कधी ठेवलं? आखाजीला. वकील म्हणाले, शुभ मुहूर्त आहे, आणि मामलेदारसाहेबांना त्या दिवशी सवड आहे. आबांनी मान डोलावली. आक्का आदल्या दिवशीच आली होती. गाडीतून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही. बांगड्या कोपराकडे सरकत होत्या, आणि एवढ्या उन्हाळ्यात तिने लांब बाह्यांची चोळी घातली होती. माय म्हणाली, "आंग धुई ले, पोरी, पाणी तापाडस." आक्का म्हणाली, "मी धुई लेसू." मोरीचं दार आतून लावून घेतलं. जेवताना आबांनी विचारलं, "समदं बरं शे ना तठे?" आणि आक्का ताटाकडे बघत म्हणाली, "बरं शे." आबा ढेकर देऊन उठले. त्यांना खरंच बरं वाटलं असावं. ज्यांना बरं वाटून घ्यायचं असतं त्यांना एवढं पुरतं. मी आणि आक्का ओसरीवर शेजारी पडलो तेव्हा तिने मला एकच गोष्ट विचारली. "बबी, उद्या गोठनवर आपली बारी शे ना?" मी म्हटलं, "शे ना. आबानी शबद दिधा शे." मग तिला झोप लागली.

आखाजीच्या दिवशी पोळ्या झाल्या, रस झाला, घागरी पुजल्या. मोठ्या दरवाजावर आंब्याची पानं, आत ताशा, कुस्त्यांचा आरडाओरडा. उन्हं कलली तशा बाया गौराईच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या, नव्या लुगड्यांत, गात. दरवाजावर दोन शिपाई. आत जाता येणार नाही म्हणाले, साहेब बसले आहेत. बायांनी पाटलांना बोलवा म्हटलं. आबा आले, खांद्यावर नवं उपरणं, छातीला कागदी फूल.

"आठे कसाले?" ते म्हणाले. "तुम्हनी बारी त्या आंगे शे. नदीकडे."

आम्ही भिंतीला वळसा घालून नदीच्या अंगाला गेलो. तिथे भिंतीत एक फट ठेवलेली होती. अंग तिरकं केल्याशिवाय बाई आत जाणार नाही एवढी, आणि आतल्या बाजूला आडवा बांबू. फटीत उभं राहून मैदान दिसत होतं. बघायचं असेल तर एकेकीने यायचं, बघायचं आणि जायचं. आमच्याकडे कुंपणातल्या फटीलाही बारी म्हणतात, डोंगरातल्या खिंडीलाही बारी, आणि खिडकीलाही बारी. आणि पाळीलाही बारीच. आबांनी शब्द पाळला होता.

जानकीबोय त्या फटीपुढे उभी राहिली. लठ्ठ बाई, एक खांदा घालून पाहिला, गेला नाही. आबा आतून फिरून बांबूपलीकडे आले होते. ती म्हणाली, "ओ पाटील, ही बारी शे का उंदीरनं बीळ?"

"मी बारी बोलनू व्हतू," आबा म्हणाले. "ही काय शे मंग?"

ते जाणूनबुजून बोलले होते की वकिलांनी सांगितलेला शब्द त्यांनी नुसता पुढे केला होता, यावर मायचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. माय मरेपर्यंत म्हणत होती, त्यांना ठाऊक नव्हतं. नवऱ्याला मूर्ख ठरवणं तिला जड गेलं नाही, लबाड ठरवणं जड गेलं. मी त्यांची लेक, मला दोन्ही जड जात नाही. आमच्या तोंडाला पानं पुसली होती आणि ती पानंसुद्धा आम्हीच वेचून आणलेली होती.

बाया वाळूत उतरल्या. पल्याडच्या बायाही आल्या होत्या, त्यांना काय झालं ते कळलं तशा त्या नदी ओलांडून आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. कधी असं झालं नव्हतं. जानकीबोयने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "बारी दिधी शे ना? मंग लेवाले काय लाज? एकेक जन जा. पल्याडना लोकेस्ले गाळ्या नही आते. आपलास्लेच."

पहिली गेली तेलिणीची सून, सडसडीत पोर. फटीत उभी राहिली आणि तिने वकिलांच्या उपरण्यावर सुरू केलं. आणि तेव्हा एक गोष्ट झाली जी त्या शहाण्यांच्या ध्यानात आली नव्हती. उघड्या गोठणावर आवाज वाऱ्यावर जायचा, काठावरच्यांनाच ऐकू यायचा. आता तीन बाजूंना दगडी पायऱ्या. आवाज आत गेला आणि घुमला, पार पलीकडच्या पायरीपर्यंत शब्दन् शब्द. कुस्ती थांबली. मी बाजूच्या दगडांवर चढून भिंतीवरून डोकं वर काढलं, तर साऱ्या गावाची तोंडं आमच्याकडे. मामलेदारसाहेब मधल्या खुर्चीत. ते देशावरचे, अहिराणीतलं त्यांना काही समजत नसे. त्यांनी वकिलांकडे वाकून विचारलेलं मला ऐकू आलं, कारण तोही आवाज घुमत होता.

"काय म्हणतायत या बाया?"

वकिलांच्या कपाळावर घाम. "लोकगीत आहे साहेब. स्वागताचं."

"वा, छान प्रथा आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून वकिलांनी, आबांनी, आणि मग साऱ्या पायऱ्यांनी. स्वतःच्या उपरण्याला दिलेल्या गाळीला टाळी वाजवणारा वकील मी या डोळ्यांनी पाहिला आहे. बाया वाळूत हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. आणखी दोघी गेल्या, आणखी टाळ्या. मग जानकीबोय हसायची थांबली आणि तिने आक्काकडे पाहिलं.

आक्का फटीत गेली. तिला अंग तिरकं करावं लागलं नाही, एवढी ती वाळली होती. बांबूला हात टेकून उभी राहिली आणि गाऊ लागली. आवाज बारीक, पण त्या दगडांनी तो उचलून धरला.

"शिळी भाकर देस माय, सासू कुत्रान्या थाळीमा,
रात मन्ही जास माय, बैलन्या गव्हाणीमा.
तापेल सांडशी माय, हातवर देखी ले,
पाटीलनी लेक माय, सुखी शे, लिखी ले.
यंदा गाडी उनी माय, रिकामी धाडजो,
मी जावाव नही माय, बापले सांगजो."

सांडशीच्या ओळीला तिने बाही वर सारली आणि हात बांबूवरून पुढे केला. डाग लांबून दिसले नसतील. पण गाणं साऱ्यांना कळलं. त्या पायऱ्यांवर बसलेला एकही माणूस असा नव्हता ज्याची ती बोली नाही. मामलेदार म्हणाले, "आणि ही? फार गोड गळा आहे."

वकील म्हणाले, "माहेरची महती गातेय साहेब."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी वाजवल्या. गावाने आबांकडे पाहिलं. आबांची मान खाली होती, पागोट्याचा शेमला कानावर आलेला. त्यांनी वर पाहिलं नाही. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. हळू, पण वाजवल्या. मग साऱ्या गावाने.

मला आजही कोणी विचारलं की बापाबद्दल काय वाटतं, तर मला ते दोन हात दिसतात. त्यांनी मला शाळेत घातलं, त्या हातांनीच मला पाटी आणून दिली, हे मला ठाऊक आहे. पण ते दोन हात एकमेकांवर आपटताना मी पाहिले, त्याला काय करू.

आक्का फटीतून मागे आली ती वाळूत बसली. मायने तिला उठवलं, बाही खाली ओढली आणि घरी आणलं. उरलेला रस मायने गाईच्या घमेल्यात ओतला. आबा आले, जेवले नाहीत, ओट्यावर जाऊन बसले.

दोन-तीन दिवसांनी गाडी आली. घ्यायला आक्काचे सासरे स्वतः आले होते. ओट्यावर घोंगडी अंथरली, पानसुपारी झाली, गावातली चार मोठी माणसं येऊन बसली. कपाशीच्या गोष्टी झाल्या, पाण्याच्या झाल्या. आक्काने काय गायलं ते ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकजण मूग गिळून सुपारी कातरत होता. मग सासरे म्हणाले, "चाला, पोरले सांगा, ऊन चढी ऱ्हायनं." आबा दाराकडे तोंड करून म्हणाले, "आवरी ले वं पोरी."

आत आक्का चुलीजवळ बसली होती. ती उठली नाही, रडलीही नाही. उठली माय. मला वाटलं आता पितळी आदळणार. पण ती दारात गेली, पदर कपाळाखाली ओढला, तोंड खांबाकडे केलं आणि चार पुरुष बसलेल्या ओट्यावर जन्मात पहिल्यांदा बोलली.

"मन्ही आंडेर जावाव नही."

आबा आतल्या घराकडे बोट करून म्हणाले, "मझार जा."

"जास. पहिले ऐकी ल्या. वकील बोलना व्हता, टाळ्या म्हनजे मंजूर. टाळ्या वाजन्यात का ठराव पास, मांगे फिरनं नही. तुम्हीच पहिली टाळी वाजाडी व्हती." ती खांबाशीच बोलत होती. "पोर बोलनी, मी जावाव नही. मामलेदारनी टाळी वाजाडी. पोरन्या बापनी वाजाडी. आठे बसेल चारी जनस्नी वाजाडी. आख्खं गावनी वाजाडी. मंजूर व्हयनं. आते कोनी मांगे फिराव नही."

सासऱ्यांनी आबांकडे पाहिलं. "हाई काय शे, पाटील?"

ओट्यावरचे चौघे खाली बघत होते. त्यांना बोलायला जागाच नव्हती. टाळ्या खोट्या होत्या म्हणावं तर पोरीचं गाणं कळलं होतं हे कबूल करावं लागणार, आणि खऱ्या होत्या म्हणावं तर पोर द्यायची नाही. त्यांच्यातला एक, आमचे चुलत काका, सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाले, "वाजाड्या व्हत्यात खऱ्या." आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. गाडी रिकामी गेली.

आक्का आमच्याकडेच राहिली. म्हशी सांभाळल्या, पुढे माझी पोरंही तिनेच वाढवली, म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणावर गेली. आबा मायशी वर्ष-दीड वर्ष बोलले नाहीत आणि मायला त्याचं काही वाटलं नाही. ती सुटली म्हणून ही गोड गोष्ट आहे असं मला कोणी सांगू नये. आक्का सुटली ती मायच्या तोंडामुळे आणि त्या लोकांच्या लाचारीमुळे. गोठण गेलं ते गेलंच. पुढच्या आखाजीच्या आधी त्या फटीला फळीचं दार बसवलं, कुलूप लावलं. त्यानंतर ज्या लेकी माहेरी आल्या त्यांनी ताटाकडे बघत "बरं शे" म्हटलं आणि परत गेल्या. दोघी विहिरीत सापडल्या. एकीच्या आईने मला सांगितलं, पोर आखाजीभर त्या भिंतीजवळ फेऱ्या मारत होती. भिंतीला काय विचारायचं?

मैदान मात्र वाढलं. तिथे सभा झाल्या, रेशनच्या रांगा लागल्या, झेंडा चढला, मग कबड्डीचे सामने आले, सिमेंट आलं, दिवे आले. लोणखेड्याच्या कॉलेजची पोरं तिथे पळायला येतात. ती फट रुंद करून तिला जाळी बसवली आणि आता तिथे तिकिटं मिळतात. लोक तिला तिकिटाची बारी म्हणतात. का म्हणतात ते कोणाला माहीत नाही.

तर हे लिहिता लिहिता उद्घाटनही झालं. मी गेले, पहिल्या रांगेत बसले. माझ्या शेजारी कबड्डीच्या संघातली एक पोर, डोंगरातली, मोलगीकडची, गुडघ्याला पट्टी बांधलेली. तिच्या आजीने नाल्यात खोपटी टाकली असेल, असं मला उगाच वाटलं, आणि मी तिला माझ्या पिशवीतली सांजोरी दिली. तिने ती दोन घासांत संपवली. पाहुणे बोलले, आमदार बोलले, मग तो चांगला पोरगा बोलायला उभा राहिला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने जसं पाठ केलं होतं तसंच म्हटलं, इथे पूर्वी काहीच नव्हतं. नवी गॅलरी टाळ्यांनी दणाणली. आवाज अजून तसाच घुमतो तिथे.

ती पोर टाळ्या वाजवता वाजवता थांबली आणि माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहून म्हणाली, "आजी, तुम्ही नाही वाजवली?"

मी म्हटलं, "माले मंजूर नही."